चौतीस धक्के

जलपर्यटनाचं माहितीपत्रक या वाङ्मयप्रकाराची आपल्या समीक्षकांनी अक्षम्य उपेक्षा केली आहे. कादंबरीवर बोलणारे वक्ते गल्लोगल्ली आहेत, नवकवितेवर न समजता बोलणारे तर त्याहून जास्त. पण गुळगुळीत कागदावर छापलेल्या, निळ्या रंगात न्हालेल्या आणि किंमत मात्र शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात सांगणाऱ्या या साहित्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. वास्तविक त्यात काय नाही? शृंगार आहे, अद्भुत आहे, शांत रस तर नुसता ओसंडून वाहतो. बीभत्स तेवढा नाही, कारण बोट लागणं या विषयावर सर्व लेखकांनी एकमताने मौन पाळलं आहे.

गेले चार महिने मी दुसरं काही वाचलेलं नाही. नोकरीतून मोकळा झालो आणि 'आता दोघांनीच कुठंतरी लांब जाऊन या' असं मुलांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे सांगू लागले. लांब म्हणजे नॉर्वे, आणि तिथे बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने, तेही शरद ऋतूत, हे ठरलं. नॉर्वेच का, याचं कारण आमच्या हिच्या माहेरात आहे. ते पुढे येईलच. कुणाच्या बोटीने जायचं, एवढाच प्रश्न उरला. 'एवढाच' हा शब्द मी चार महिन्यांपूर्वीच्या भाषेत वापरतो आहे.

या वाङ्मयाचे नायक-नायिका नेहमी वाचकाकडे पाठ करून उभे असतात. केस पिकलेले, पण पाठ ताठ. हातात उंच दांड्याचा पेला. समोर आकाशात हिरवा ध्रुवीय प्रकाश. ऑक्टोबर महिना, उत्तर ध्रुववृत्ताच्या वरचा समुद्र, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यावर माकडटोपी नाही! वास्तववादाच्या कसोटीला हे चित्र इथेच उतरत नाही. शिवाय दोघंही बोलत नसतात. मी ते चित्र हिला दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "भांडण झालेलं दिसतंय." समीक्षकाला लागणारी दृष्टी माझ्याआधी घरात कुणाकडे होती, हे मला तेव्हा कळलं.

माझ्या साडूंचा सल्ला मोठ्या बोटीचा होता. चार हजार उतारू, अकरा खानावळी, पोहण्याचे तलाव, रात्री नाचगाणी, आणि वरच्या मजल्यावर पाण्याची घसरगुंडी. ते नुकतेच जाऊन आले होते.

"आणि समुद्र?" मी विचारलं.

"आहे ना," ते म्हणाले, "पण वेळ होत नाही."

आमचा पहिला निकाल तिथेच लागला. नॉर्वेच्या किनाऱ्यावर असल्या बोटीही जातात. पण त्या मोठ्या बंदरात येतात, चार हजार माणसं उतरवतात, चार हजार माणसं उचलतात आणि जातात. एखाद्या खेड्यात लग्नाचं वऱ्हाड येऊन जावं तशातली गत. गावाला वऱ्हाड दिसतं, वऱ्हाडाला गाव दिसत नाही.

उरल्या त्या किनाऱ्यावरच्या नेमाच्या बोटी. बर्गनहून निघायचं, वाटेत चौतीस बंदरं घ्यायची, रशियाच्या सरहद्दीजवळच्या किर्केनेसला पोचायचं आणि परत फिरायचं. बारा दिवस, अकरा रात्री. किर्केनेस असं लिहितात आणि उच्चार जवळपास 'शिर्केनेस' असा करतात. शिर्के म्हटल्यावर आम्हाला ते गाव घरचंच वाटलं.

ही वाट १८९३ साली सुरू झाली. तोवर ट्रॉन्हाइमचं पत्र उत्तरेकडे हामरफेस्टला पोचायला उन्हाळ्यात तीन आठवडे आणि हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंत लागत, असं सांगतात. म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा गुढीपाडव्याला. किनाऱ्यावर खडकच खडक, हिवाळ्यात दिवसाही काळोख आणि दीपगृहं मोजकी. त्यामुळे सरकारने वर्षभर बोट चालवायला माणूस शोधला, तेव्हा इतर कंपन्या मागे सरल्या. रिचर्ड विथ नावाचा कप्तान मात्र पुढे झाला. त्याने आणि त्याच्या वाटाड्याने वर्षानुवर्षं एका चोपडीत नोंदी ठेवल्या होत्या: अमुक दिशेला, अमुक वेगाने, इतकी मिनिटं. त्या चोपडीच्या भरवशावर २ जुलै १८९३ रोजी 'वेस्टरोलन' ही त्याची बोट ट्रॉन्हाइमहून निघाली. तिच्या फेऱ्यांना नाव पडलं हुर्टिग्रुटन, म्हणजे जलद मार्ग. आज त्या वेगाला कुणी जलद म्हणणार नाही. पण नाव आहे ते आहे. आपल्याकडेही जलद गाड्या आहेतच.

हे सगळं मी हिला वाचून दाखवत होतो. टपाल, माल, गावोगावची माणसं, मध्यरात्री धक्क्याला लागणारी बोट. ही मटार सोलत होती. हात थांबला.

"अहो, म्हणजे आपली कोकण बोटच की!"

ही मूळची मालवणकडची. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचं, कुठे धक्का नसला की बोट खोल पाण्यात उभी राहायची, आणि होडीत उतरताना आईने एका हाताने मुलगी आणि दुसऱ्या हाताने लोणच्याची बरणी धरायची, अशी हिची आठवण. आईचं जास्त लक्ष बरणीकडे होतं, ही तक्रार अजून मिटलेली नाही. ती बोट बंद झाली त्याला जमाना लोटला. रस्ते सुधारले, पुढे १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि बोटीची आठवणसुद्धा म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला गेली. रस्ते आणि विमानं नॉर्वेतही आली. पण तिथलं सरकार आजही पैसे मोजून बोट चालू ठेवतं, आणि करारात लिहून घेतं की लहान बंदरंही घेतलीच पाहिजेत. परदेशी उतारूंच्या पैशांवर बोटीचा उरलेला संसार चालतो. म्हणजे आम्ही तिकीट काढणार होतो ते नुसतं सहलीचं नव्हे. कुणाच्या तरी एसटीला हातभार लावणार होतो.

आता मूळ प्रश्न. शंभराहून अधिक वर्षं ही वाट हुर्टिग्रुटनची होती. २०२१ पासून सरकारने तिचे दोन वाटे केले: सात बोटी हुर्टिग्रुटनच्या, चार हाविला नावाच्या नव्या कंपनीच्या. मार्ग तोच, बंदरं तीच, वेळापत्रक एकच. एका वाड्यात दोन बिऱ्हाडं असावीत, नळ एक, जिना एक, आणि आपण मात्र 'बरं बिऱ्हाड कुठलं' म्हणून चौकशी करत हिंडावं, तसं माझं झालं. दोघांची पत्रकं मी समोरासमोर ठेवून वाचली. त्यांची समीक्षा अशी:

हुर्टिग्रुटनचं पत्रक म्हणजे ऐतिहासिक कादंबरी. १८९३ हा आकडा त्यात आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतल्या 'महाराज' या शब्दाइतका वारंवार येतो. बोटी वयस्क आहेत: एक १९८३ची, बाकीच्या १९९०च्या दशकातल्या. खोल्या लहान, बऱ्याच खोल्यांत दोन वेगळे बिछाने आणि त्यांतला एक दिवसा सोफा होऊन भिंतीला लागणारा. पत्रकातल्या पाठमोऱ्या जोडप्याने इतका शृंगार करून शेवटी निजायचं ते दोन भिंतींना, ही शोकांतिका लेखकाने टाळली आहे. 'रिचर्ड विथ' नावाची बोट तर १९९३ची, आणि आमचं लग्नही त्याच सालचं. २०२२ साली तिच्या पोटात बॅटऱ्या बसवून तिला नव्या दमाची केली. माझ्याही छातीत साधारण त्याच वेळी डॉक्टरांनी तसलाच उद्योग केला असल्यामुळे मला त्या बोटीविषयी बंधुभाव वाटतो.

हाविलाचं पत्रक हे नवकाव्य आहे. शब्द कमी, कोरी जागा जास्त. चारही बोटी नव्या, तुर्कस्तानात बांधलेल्या, वायूवर चालणाऱ्या, आणि इतक्या मोठ्या बॅटऱ्यांच्या की इंजिन बंद ठेवून चार तास चालू शकतात. फ्योर्डमध्ये शिरल्यावर आवाज नाही, धूर नाही. बहुतेक खोल्यांना खिडकी आहे. नव्या बिऱ्हाडाला सुरुवातीला त्रासही झाला: बोटी मिळायला उशीर झाला, आणि एका बोटीची मालकी रशियन भाडेकंपनीकडे असल्यामुळे २०२२च्या युद्धानंतरच्या निर्बंधांत ती काही काळ बंदरातच अडकली. हे सर्व अर्थातच पत्रकात नाही. नवकवितेत कवीच्या घरभाड्याचा उल्लेख नसतोच.

जेवणाच्या बाबतीत मात्र दोन घराणी स्पष्ट दिसतात. हुर्टिग्रुटनवर सकाळी आणि दुपारी बुफे, रात्री पानावर वाढलेलं. हाविलावर बुफेच नाही. अन्न वाया जाऊ नये म्हणून लहान लहान पदार्थ, हवे ते सांगून मागवायचे. तत्त्व थोर आहे. पण आमची पिढी पंगतीत वाढलेली. समोर मांडून ठेवलेलं डोळ्यांनी पाहून घ्यावं, एक फेरी मोकळी मारावी आणि मग ताट उचलावं, यातला आनंद 'सांगा, काय आणू?' या प्रश्नाने मरतो. उलट ही म्हणाली, "तीस वर्षं मी सगळ्यांना विचारत आले, काय आणू म्हणून. बारा दिवस मला कुणी विचारलं तर बिघडलं कुठं?" या मुद्द्यावर समीक्षकाला उत्तर नव्हतं.

बाकी नॉर्वेचं जेवण मासे खाणाऱ्याला परकं नाही. लोफोटेन बेटांवर लाकडी माच्यांवर कॉड वाळत घालतात, त्याचं चित्र पाहून हिने पत्रक नाकाशी नेलं. शरदात त्या माच्या रिकाम्या असतात, मासा फेब्रुवारीनंतर टांगतात, हे मी सांगितलं. ती म्हणाली, "मग तर आपला मसाला न्यायलाच हवा." या दोन वाक्यांचा संबंध मी अजून शोधतो आहे.

असे गुणदोष लिहून मी दोन्ही बाजूंना गुण दिले. बेरीज सारखी आली. हिने कागद पाहिला आणि म्हणाली, "पण रात्रीचं काय?"

मला वाटलं, बिछान्यांविषयी विचारते आहे.

"नव्हे हो. नाच नाही, गाणं नाही, पत्त्यांचा क्लब नाही. दिवस सप्टेंबरअखेर बारा तासांचा आणि ऑक्टोबर संपेपर्यंत सात तासांचा, तुम्हीच सांगितलंत. अकरा रात्री आपण दोघं बोलणार काय?"

मी हसून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न काही जाईना. तीसएक वर्षांत आम्ही काय बोललो, त्याचा मी हिशेब मांडू लागलो. गॅसचा नंबर लावला का. मुलाचं गणित. सासूबाईंचं औषध. पाणी आलं, पाणी गेलं. आम्ही एकमेकांशी बोललो ते नेहमी तिसऱ्या कशाविषयी तरी. एकमेकांच्या तोंडाकडे बघत, मध्ये टेबलावर मेणबत्ती ठेवून आम्ही पाच मिनिटंही बोललेलो नाही, आणि संसार काही वाईट झालेला नाही. आता मुलं गेली, सासूबाई गेल्या, गॅस नळाने येतो. तिसरं काही उरलेलंच नाही. या वयातल्या जोडप्याने बोट निवडायची ती याच कसोटीवर, असं माझं समीक्षक म्हणून नम्र मत आहे: रोज दोघांच्या मध्ये ठेवायला ती काय देते?

आणि इथे दोन्ही पत्रकं सपशेल नापास होतात. जे द्यायला त्यांच्यापाशी सर्वांत जास्त आहे, तेच दोघींनी लपवलं आहे. ते सापडतं शेवटी जोडलेल्या वेळापत्रकात. तिथे विशेषणं नाहीत, सूर्यास्त नाही, पाठमोरं कुणी नाही. नुसती गावांची नावं आणि आकडे. कुठे बोट काही तास थांबते, कुठे जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्या वेळात फळी पडते, माल उतरतो, माल चढतो, पुढच्याच गावाला जाणारं कुणीतरी पिशवी घेऊन आत येतं, आणि बोट निघते. जाताना जी बंदरं रात्री लागतात, त्यांतली बरीचशी येताना दिवसा लागतात. रात्री फक्त दिवे पाहिलेलं गाव आठवड्याने उजेडात ओळखायचं! समोरून आपल्याच वाटेवरची दुसरी बोट येते, दोघी भोंगा वाजवतात. जाहिरात-लेखकांना यात काव्य दिसलं नाही, कारण यात पेला कुठे धरायचा ते कळत नाही.

नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीला मात्र ते दिसलं. २०११च्या जूनमध्ये तिने बर्गन ते किर्केनेस ही पूर्ण फेरी जशीच्या तशी, एकशेचौतीस तास, थेट दाखवली. कथा नाही, निवेदकाची बडबड नाही. बोट आणि किनारा. अर्ध्याहून अधिक देशाने ती कधी ना कधी पाहिली. धक्क्याधक्क्यावर माणसं झेंडे घेऊन उभी राहिली. आम्ही त्यातले काही तास पाहिले. पहिली दहा मिनिटं काहीच घडेना. पुढच्या दहा मिनिटांत ही म्हणाली, "त्या लाल घरात कोण राहत असेल?" मी म्हटलं, "मास्तर." ती म्हणाली, "छे, मास्तराला एवढी मोठी गच्ची?" आणि आम्ही रात्री साडेबारापर्यंत त्या घराविषयी बोलत होतो. बीभत्साचा अभाव सोडला तर हीच या विषयावरची सर्वश्रेष्ठ कलाकृती, असं मी लिहून ठेवतो.

आता त्या अभावाची भरपाई. ही वाट बहुतेक बेटांच्या आडून जाते, पण काही ठिकाणी उघडा समुद्र लागतो, आणि शरदात वादळं सुरू होतात. हुस्टाडविका नावाचा असाच एक पट्टा आहे. २०१९च्या मार्चमध्ये तिथे एका मोठ्या पर्यटनबोटीची इंजिनं वादळात बंद पडली आणि चारशेहून अधिक उतारूंना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. तेव्हा आवळासुपारी, आल्याचा पाक आणि नम्रता या तिन्ही गोष्टी बरोबर घ्याव्यात.

राहिला ध्रुवीय प्रकाश. हुर्टिग्रुटनची हमी आहे: ठरावीक हंगामातल्या पूर्ण फेरीत तो दिसला नाही, तर आणखी एक छोटी सफर फुकट. विमानाचं भाडं अर्थात आपलं. पहिल्या खेपेला कुडकुडून काही न दिसलेल्या माणसाला बक्षीस काय, तर पुन्हा कुडकुडणं! तरीही मी मोहात पडलो आणि पंचांग काढलं. शरदातल्या विषुवदिनाच्या आसपास हा प्रकाश जास्त प्रसन्न असतो, आणि मंद असला तर काळोखात बरा दिसतो. म्हणजे सर्वांत उत्तम काळ कोणता? भाद्रपदाचा वद्य पक्ष. पितृपंधरवडा! झाडंही त्याच सुमाराला उत्तरेकडे पिवळी होतात. नॉर्वेजियन लोकांना याचं काही वाटत नसावं. पण सर्वपित्रीला घराबाहेर असणं हिच्या माहेरी अजून जमा धरत नाहीत.

"आणि कोजागिरी?" हिने विचारलं.

कोजागिरी पंधरा दिवसांनी. बारा दिवसांच्या फेरीत अमावास्या आणि कोजागिरी दोन्ही बसत नाहीत. चंद्र कुठल्याही कंपनीच्या करारात नाही. मी काळोखाच्या बाजूने बोललो. ही शांतपणे म्हणाली, "तुमचा तो प्रकाश आकाशाच्या मनात आलं तर दिसणार. किनारा रोज आहे. रात्रीचे धक्के बघायचे तर चांदणं नको?"

हा या विषयावरचा शेवटचा शब्द. तरीही समीक्षकाचं कर्तव्य म्हणून निकाल सांगतो. शांतता, नवी खोली आणि 'काय आणू?' हा प्रश्न ज्यांना हवा त्यांनी हाविला घ्यावी. फेरी मारून ताट भरणाऱ्यांनी आणि जुन्या लाकडाच्या कठड्याला टेकायला आवडणाऱ्यांनी हुर्टिग्रुटन घ्यावी. नाचणाऱ्यांनी साडूंना फोन करावा. पण चार महिने वाचून मला जे कळलं ते एका ओळीचं आहे: दोन्ही कंपन्यांच्या बोटी पाळीपाळीने सुटतात. आधी तारीख ठरवा, कंपनी आपोआप ठरते.

आम्ही कोजागिरी मध्ये येईल अशी तारीख धरली. त्या दिवशी बर्गनहून कुणाची बोट निघते, हे हिने सर्वांत शेवटी विचारलं, तेही मसाल्याच्या बाटलीचं झाण घट्ट बसतं का ते बघत.